फाइल ठेवायची कुठे

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गेवराईत आमच्या पुढच्या खोलीत बायकोचा टायपिंगचा वर्ग चालायचा. एका संगणकाला जुन्या बाजारातून आणलेले चार पडदे जोडले होते. विद्यार्थिनी आठ, प्रत्येकीला पाऊण तास, दुपारी तीन ते साडेचार. त्यांतल्या तिघी चकलांब्याहून येत आणि पाचच्या एसटीने परत जात. त्यामुळे वेळ पुढे सरकवायची सोय नव्हती.

मी शाळेत गणित शिकवायचो. पडद्यांवर धडे पाठवणारा लहानसा प्रोग्रॅम मीच लिनक्सवर लिहिला होता. लिनक्स मासिकाच्या सीडीत फुकट मिळायचं. वीज दिवसातून तीन-चारदा जायची. आली की संगणक सहा मिनिटं डिस्क तपासायचा आणि मग माझा प्रोग्रॅम आपोआप सुरू करायचा. त्यासाठी एक फाइल ठरावीक फोल्डरमध्ये ठेवावी लागते; सुरू होताना संगणक तिथल्या फायली क्रमाने चालवतो. त्या फोल्डरचा पत्ता मी वहीत लिहून ठेवला होता.

एकदा डिस्क बिघडली. नव्या डिस्कवर दुसऱ्या मासिकाची सीडी चढवली. तेही लिनक्सच, पण वेगळ्या मंडळींनी बांधलेलं. वहीत बघून /etc/rc.d/init.d शोधलं, तर ते नव्हतंच. सीडीत राहून गेलं असेल असं समजून मी ते फोल्डर स्वतः तयार केलं, एकेक अक्षर ताडून पाहिलं आणि फाइल ठेवली.

तेव्हापासून वीज आली की शाळेत बायकोचा फोन यायचा. "तुमचं मशीन उठलंय, पन गप बसलंय." मी सायकलने घरी जाऊन प्रोग्रॅम हाताने सुरू करायचो. बारा मिनिटं. पाऊण तासातला पाव हिश्श्याहून जास्त वेळ वाया. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, त्या मशीनची वायर हिकडं शाळेतच आणा की. सायकलचे टायर तरी वाचतील."

शनिवारी बायको म्हणाली, "हे असंच चालनार आसंल तर सोमवारी पोरींना सांगून टाकते, येऊ नका म्हनून. एवढ्या लांबनं हेलपाटे कावून घालायचे त्यांनी?" वर्ग तिने दोन वर्षं खपून उभा केला होता.

रविवारी दोघं संगणकापुढे बसलो. मी तिला वही आणि पडदा दोन्ही दाखवले.

"पत्ता तंतोतंत बरोबर आहे," मी म्हणालो.

"त्या फोल्डरमधी आनखी कोनाच्या फायली हायेत?"

"कुणाच्याच नाहीत. माझी एकटीच."

"आवं, मग ज्या गल्लीत दुसरं एकबी घर न्हाई, तिथं पोस्टमन कावून येईल? प्रिंटर तर लाइट आली की आपसूक चालू होतोय. त्याची फाइल कुटं राहती ते बघा."

ती /etc/init.d मध्ये होती. एक पायरी अलीकडे. या मंडळींनी मधलं फोल्डर ठेवलंच नव्हतं. माझी फाइल मी तिथे हलवली. शेजारच्या फोल्डरमध्ये क्रमांकांची यादी होती. त्यात माझ्या फाइलला नव्व्याण्णव क्रमांक दिला, म्हणजे ती सगळ्यात शेवटी चालणार. मग मुख्य बटण पाच वेळा बंद करून चालू केलं. पाचही वेळा धडे आले.

सोमवारी वीज तीनला गेली, दहा मिनिटांत आली. मी ऑफिसात तपासायच्या वह्या घेऊन फोनजवळ बसलो. फोन आला नाही. शेवटी मीच सुट्टी मागून घरी गेलो. चार जणी टाइप करत होत्या, चार जणी आपापलं सामान आवरत होत्या.

"आज लवकर कावून?" बायको म्हणाली. "बसा आतमधी. बॅच सुटायची हाय अजून."