बकरं पळालेला रस्सा

आमच्या मालकांना मटण आवडायचं. मटण, देव आणि बायको यांत त्यांनी पहिला नंबर कुणाला दिला असता, हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. ते गेल्यावर मुलाने मला इकडे जपानात, फुनाबोरीला आणलं. वर्षश्राद्ध गावी जाऊन उरकलं, पण त्यानंतरचा पितृपक्ष आला तो इथेच.

आमच्यात महाळाला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात. आवड मटणाची असेल तर मटण. पण या घरात मटण शिजत नाही. सून पुण्याची, माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा बंद. चांगली आहे. मला दात नाहीत म्हणून माझ्यापुरती कणीक वेगळी, सैल मळते, तेही सकाळी गाडी गाठायच्या घाईत. तिच्या ओट्यावर मटण आणा, असं मी म्हणणार नव्हते. पण मालकांच्या पानावर नुसती खीर आणि भोपळ्याची भाजी ठेवायची, हेही मला पटेना. जिवंतपणी ते असल्या पानावरून उठले असते.

मुलाने गुरुजींना फोन लावला. हल्ली गुरुजी फोनवर दिसतात. पुण्यातल्या त्यांच्या घरातला पंखासुद्धा दिसत होता.

"आजी, श्राद्धाला मांस पूर्वीच्या युगांत सांगितलंय," ते म्हणाले. "कलियुगात वर्ज्य."

"आणि एरवी खाल्लं तर?"

"खाण्यात दोष नाही, जिवाची ओढच ती, असं वचन आहे. पण सोडलं तर मोठं फळ, असं लगेच पुढे आहे."

"म्हणजे दोन्ही आहे."

"दोन्ही आहे," गुरुजी हसले. "शास्त्र मोठं आहे, आजी."

मी चौथी शिकले. शास्त्र मोठं असतं एवढं मला कळतं. पण मालकांच्या पानाचं काही ठरलं नाही. मुलगा म्हणाला, "बघू," आणि लॅपटॉप उघडून बसला.

महाळाच्या आदल्या संध्याकाळी सून कामावरून आली, ती सायकलच्या टोपलीत पिशवी घेऊन. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक. एका हातात कोरं पातेलं, त्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच.

"आई, मटण आणलंय. स्टेशनपलीकडच्या हलाल दुकानातून. तुम्ही शिजवा, मी खिडक्या उघडते."

"तुला कुणी सांगितलं आणायला?"

"कुणी नाही. चार दिवस तुम्ही माझ्या आमटीला नावं ठेवली नाहीत. तेव्हाच कळलं काहीतरी बिनसलंय."

तिने साबण लावून हात धुतले, परत धुतले. मग म्हणाली, "माझी आजी पोथी वाचायची. त्यात होतं, मारणारा, कापणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा, सगळ्यांच्या माथी सारखंच पाप. आज दुकानात रांगेत उभी होते आणि तेच आठवत होतं."

"मग आणलंस कशाला?"

"बाबा पुण्यात आमच्याकडे कितीदा जेवले. दर वेळी भाजी दोनदा मागून घ्यायचे, मला बरं वाटावं म्हणून. मला काय कळत नव्हतं?"

मी पाकीट उचललं. विटेसारखं कडक. आत सारखे कापलेले तुकडे, वर चिठ्ठी. तिने वाचून सांगितलं, ऑस्ट्रेलियातून आलंय. एवढा प्रवास माझ्याही वाट्याला आला नाही.

आणि ते हातात असताना मला आमचं अंगण आठवलं. बोकड कापायच्या आधी मालक त्याच्या पाठीवर तांब्याने पाणी घालत आणि थांबत. त्याने अंग झाडलं, की त्याने हो म्हटलं. मग सुरी. मी म्हणायचे, "अंगावर पाणी पडलं की कुठलंही जनावर अंग झाडतं." ते म्हणायचे, "झाडेपर्यंत थांबायला आपलं काय जातंय?"

एकदा पाहुणे यायचे होते. माझं वाटण वाटून तयार. मालकांनी पाणी घातलं, बोकड भिजल्या पाठीने त्यांच्याकडे बघत उभा. पुन्हा घातलं, तरी तसाच. पाहुणे येऊन बसले, पाणी प्याले. शेवटी मालकांनी दावं सोडलं आणि मला म्हणाले, "वाटणात बटाटे टाक." पंगतीत सांगितलं, "बकरं पळालेला रस्सा आहे, जेवा." स्वतः हाताने ओरपून जेवले. तो बोकड पुढे म्हातारा होऊन मेला, तोवर शेजारणीचे वालाचे वेल खात राहिला आणि शिव्या मी ऐकल्या.

हे सगळं मी सुनेला सांगितलं. मग म्हटलं, "हे पानावर नको. याला कुणी विचारलंय की नाही, आपल्याला ठाऊक नाही. बटाटे आहेत का घरात?"

तिने पाकीट उचललं. "मग हे टाकून द्यायचं?"

"टाकायचं कशाला? जीव गेलाय त्याचा. परवा तुझ्या नवऱ्याला शिजवून घालते. ऑफिसच्या पार्ट्यांत तो काय फक्त काकडी खातो?"

"ठाऊक आहे मला. कोटाला वास येतो."

दुसऱ्या दिवशी मी गावाहून आणलेला काळा मसाला काढला. खोबरं तिने भाजलं. तिखटाने दोघींना ठसका लागला. बटाटे घातले, वडे तळले. पान गॅलरीत ठेवलं. इथले कावळे कोंबडीएवढे. कचऱ्याच्या पिशव्या फोडतात म्हणून लोक त्यांवर जाळी टाकतात. त्यांना खायला घालणं इथे कुणाला खपत नाही. सून हातात झाडू घेऊन उभी राहिली, कावळा जेवला की लगेच झाडून घ्यायला.

"आत ये," मी म्हटलं. "तू उभी असलीस की ते संकोचतात."

ती आत आली. काचेमागून आम्ही बघत होतो. एक कावळा कठड्यावर उतरला, खिरीकडे त्याने बघितलं नाही. रश्श्यातला बटाटा उचलला आणि गेला.

"दुसऱ्यांदा मागायला येतील का?" तिने विचारलं.

"तुझ्या हातचं असतं तर आले असते."

तिसऱ्या दिवशी नव्या पातेल्यात मटण शिजवलं. मुलगा ताटावर बसला. सून सवयीने पळी घ्यायला आली. मी तिच्या हातातून पळी काढून घेतली.

"विकत घेणारी तू झालीस, तेवढं पुरे," मी म्हटलं. "शिजवलं मी, वाढणार पण मीच. तू भाकरी दे त्याला."