नातीचं पुस्तक

लंडनजवळच्या हॅरोहून सकाळची ट्रेन पकडली की एक मराठी आजोबा हमखास दिसायचे. शेजारच्या सीटवर त्यांची पिशवी ऐसपैस बसलेली आणि मी उभा. त्यांच्या हातात खाकी कव्हर घातलेलं पुस्तक, लेबलवर नातीचं नाव. आत मुलांसाठीची जपानी कादंबरी, माणसानं कसं जगावं याबद्दलची.

“तिला वाढदिवसाला द्यायचंय. आधी तपासतोय,” म्हणत त्यांनी समासात पेन्सिलीनं बरोबरची खूण केली.

पुढे पाचव्या प्रकरणाच्या सुमारास एके दिवशी पिशवी अचानक त्यांच्या मांडीवर आली. मी बसलो.

“झाला का हो नातीचा वाढदिवस?”

“केव्हाच! तिला गिफ्ट कार्ड दिलं.”

“आणि पुस्तक?”

त्यांनी पुन्हा पहिलं पान उघडलं.

“अहो, आधी मला तर मोठं होऊ द्या!”