आखूड हाताची खोली

वडवणीच्या बाजारातून नातू आला अन् पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "आज्जे, जिनावरची रसूलबी गेली म्हणं. माती पण झाली." हातातलं सूप मी तसंच खाली ठेवलं. रसूलबी आपा गेली... वय झालंच होतं, मान्य. पण काही माणसं जाणारच न्हाईत, असं आपण उगाच धरून चालतो. आता महिना होत आला. तिच्याविषयी लिहायचं तर आधी त्या दगडी खोल्यांविषयी लिहावं लागतं, कारण त्यातली एक तिच्यामुळं खोली झाली.

निजामाचं राज्य होतं. दिंद्रुडकडच्या रानात एका मालकानं कापसातली सरकी काढायचा कारखाना घातला, आम्ही त्याला जिन म्हणायचो, अन् कामगारांसाठी खोल्यांची एक लांब रांग बांधायला काढली. मी अन् आमचे हे तिथं गारा, म्हणजे बांधकामाचा चिखल, कालवायला होतो. खोल्या झाल्या की त्यातलीच एक आम्हाला मिळणार होती. काळा दगड गाऱ्यात बसवलेला, भिंती अशा जाड की शेजारचं भांडण ऐकायचं तर दारात यावं लागे. वर लाकडं टाकून माळवद, त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात आत शिरलं की रांजणात उतरल्यासारखं गार वाटायचं. पण खोली एकच. त्यातच चूल, त्यातच सासू-सासरे, दीर, अन् दोरीवरच्या लुगड्याआड आम्ही दोघं राहणार.

मला तेव्हा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी. पण माझी आई मी लहान असतानाच गेलेली. बाळंत व्हायचं कुठं, याचा घोर लागला होता. सासूबाई म्हणायच्या, "हाय की लुगड्याचा आडोसा. आमी काय महालात बाळंत झालो?"

रसूलबी आपा म्हणजे गवंडी इमामभाईंची बायको. माझ्याहून थोरली, तोंडानं फटकळ. आदल्या कामावर ती कापडाच्या पालात बाळंत झाली होती. बाहेर गडीमाणसं बसलेली, म्हणून तोंडात पदराचा बोळा कोंबून पडून राहिली. बाळ अडलंय हे कुणाला कळलंच न्हाई... लेकरू गेलं. त्याविषयी ती मला एवढंच बोलली, "गंगू, बाईला वरडायला भिंत लागती."

मग ती गंमत झाली. रांग दोन्ही टोकांकडून बांधत आणली होती, एकीकडून इमामभाई, दुसरीकडून सटवाजी गवंडी. माप हाताचं, कोपरापासून बोटापर्यंत. सटवाजी ताडासारखा, इमामभाई बुटके. ज्यानं त्यानं आपापल्या हातानं मोजलं, अन् दोघं मधे भेटले तेव्हा एक बोळ उरला. भिंतीला लई, खोलीला अपुरा!

मुकादम कपाळावर हात मारत आला. "काय बे इमाम, काय करून ठेवलंस? मालक बघायला यायलेत!"

"माझा हात जन्मापासून एवढाच हाय, साब."

"मग बायकोची जीभ घ्यायची मापाला," सटवाजी म्हणाला, "तेवढीच लांब हाय तुझ्या घरात."

सगळे हसले, मुकादम न्हाई. दगडगोटे घालून बोळ भरून टाका, म्हणाला. आपा डोक्यावर पाटी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं, माझ्या पोटाकडं बघितलं अन् पाटी खाली आदळली.

"कावून भरता, मुकादमसाब? भरायला गाड्यांनी दगड लागंल. मालक इचारतील, एवढा दगड गेला कुठं? कवाड लावा अन् कोठी म्हणून सांगा. चूक बी झाकली, मालक बी खूश."

"अन् कोठीत ठेवणार काय?"

"ते आमी बायका बघतो."

कवाड लागलं. भिंतीतून एका दगडाचं टोक आत आलेलं होतं, बसल्या बाईच्या खांद्याएवढ्या उंचीवर. इमामभाई ते छिनीनं उडवायला निघाले तर आपा म्हणाली, "राहू द्या जी." कावून, ते मला माझ्या वेळेला कळलं. कळा सुरू झाल्या तसे तिनं माझे दोन्ही हात त्या दगडावर ठेवले. "वरड, गंगू! भिंत इमामची हाय, पडत न्हाई." मी अशी ओरडले... अन् बाहेर चुलीपाशी बसलेल्या माणसांना काही म्हणता काही कळलं न्हाई. थोरला झाला.

पुढं रांगेतल्या बाया तिथंच बाळंत होऊ लागल्या. आपाची दोन्ही लेकरंही तिथलीच. गडी चेष्टेनं 'आखूड हाताची खोली' म्हणायचे, तर आपा उलटून विचारायची, "आमच्या म्हाताऱ्याचा हात लांब असता, तर तुमी कुठून आला असता रे?"

जिन कधीच बंद पडलं. आम्ही वडवणीकडं आलो, आपा तिथंच राहिली. दवाखाने झाले तसं तीच पोरींना दटावून तिकडं धाडायची.

परवा तिच्या घरच्यांना भेटायला गेले. नातसून दवाखान्यात बाळंत होऊन आठवड्यामागंच घरी आलेली. खाट टाकली होती त्याच खोलीत. आपानंच जायच्या आधी सांगून ठेवलं होतं. मला बघून पोरगी म्हणाली, "या आज्जी," अन् लेकराला एका हातानं छातीशी धरून उठायला लागली. दुसरा हात तिनं न बघताच भिंतीकडं नेला. तो दगड आता लोण्यासारखा गुळगुळीत झालाय. त्याला धरून ती उभी राहिली.