साडूंचे बुश आणि माझी कंबर

निर्णय न घेता येणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण निर्णय न घेण्यालाच संशोधन म्हणणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. नवरे निवडताना त्यांनी काय निकष लावले देव जाणे, पण साडूंवर जर बायको निवडायची वेळ आली असती तर ते अजून सोलापुरात कुणाच्या तरी घरी पोहे खात बसलेले दिसले असते. पेशाने हे गृहस्थ भूलतज्ज्ञ. वेल्समधल्या कार्डिफच्या इस्पितळात तीस वर्षं लोकांची शुद्ध घालवण्याचा पगार घेतला. निवृत्त झाल्यापासून तेच काम घरी येणाऱ्या पाहुण्यांवर करतात, तेही औषधाशिवाय, नुसतं बोलून.

बोलण्याचा विषय एकच. त्यांच्याकडे एक जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार आहे. चाकांचे दांडे गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतात तिथे मेदूवड्यासारखे, मधे भोक असलेले रबरी तुकडे बसवलेले असतात. त्यांना बुश म्हणतात. ते झिजले की गाडी खडखडते, मग शहाणा माणूस नवे आणतो, बसवतो आणि विसरतो. साडूंनी या कामाला दीड वर्षं घेतली. रबराचे घ्यायचे की पॉलियुरेथेनच्या कडक प्लास्टिकचे? रबर मऊ, पण लवकर विरतं. पॉली जन्मभर टिकतं, पण रस्त्यातला खडा न् खडा अंगाला कळतो. त्यातही रबर दोन प्रकारचं, पॉली तीन रंगांचं आणि प्रत्येक रंगाचा कडकपणा वेगळा. दिवाळीच्या फराळाला गेलो तर चकल्यांच्या ताटलीशेजारी दुसरी ताटली, आणि तीत हे बुश ओळीने मांडलेले. प्रत्येकाने अंगठ्याने दाबून मत द्यायचं आणि साडूंनी ते वहीत टिपून घ्यायचं. कुणाचे तरी वडील नुकतेच भारतातून आले होते, त्यांनी एक उचलून थेट तोंडाकडे नेला. मी वेळेवर हात धरला म्हणून, नाहीतर त्यांच्या दातांचाही अभिप्राय वहीत गेला असता.

बरं, एवढी चिकित्सा करून हे गाडी हाकणार कुठे? तर वेल्समध्ये, जिथे वस्तीतून ताशी वीस मैलांच्या वर जाता येत नाही. सायकलवाले ओव्हरटेक करताना आत डोकावून बघतात. तरी आमचे साडू प्रत्येक राउंडअबाउटच्या गोल चौकात असे चेहरा आवळून वळायचे की बघणाऱ्याला वाटावं, ऑपरेशन टेबलावर पेशंट जागा झालाय.

मला खरा राग यायचा तो ताईंसाठी. ताई म्हणजे साडूंच्या पत्नी, माझी थोरली मेहुणी. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना गाडीत दहा मिनिटंही बसवत नव्हतं. स्पीड बंप आला की डोळ्यांत पाणी. भिशी सुटली, देऊळ सुटलं, आमच्याकडे येणं सुटलं. दर रविवारी पोर्थकॉलच्या समुद्रावर जाऊन वारा खाणारी बाई आता मागच्या खिडकीत बसून शेजाऱ्यांचं मांजर बघायची. एकदा मला म्हणाल्या, "समुद्राचं सोडा हो, मला आता कोपऱ्यावरचं दुकानसुद्धा परगाव वाटतं." आणि यांचे यजमान कुठे, तर गॅरेजमध्ये, गाडीखाली, फक्त बूट बाहेर. बायको खिडकीत आणि नवरा गाडीखाली, याला काय संसार म्हणायचा? मी घरी येऊन हे दर वेळी तावातावाने बोलायचो आणि माझी बायको दर वेळी "हळू बोल" म्हणायची.

वर या संशोधनात माझा बळी ठरलेला. नवे बुश बसवून झाले की फोन यायचा, "रविवारी सकाळी ये. टेस्ट ड्राइव्ह." मला आपलं वाटायचं, माझ्या चोखंदळपणाची कुणीतरी कदर करतंय. मग मी डावीकडच्या सीटवर आणि साडू स्टिअरिंगमागे. रस्ता ठरलेला, पोर्थकॉलला जायचं, समुद्रासमोरून वळायचं आणि परत. उतरायचं नाही, आइस्क्रीम नाही, काही नाही. प्रत्येक खड्ड्यानंतर विचारणार, "कंबर काय म्हणते?" माझी कंबर पुष्कळ काही म्हणायची. जांभळे बुश बसवले तेव्हा ती वाटेतल्या ब्रिजेंड गावाच्या पुढे जी बोलली ते इथे लिहिता येणार नाही. पिवळ्यांच्या वेळी त्यांनी माझ्या पायांमध्ये ताकाचा डबा ठेवला, उघडा. घरी आल्यावर माझी पँट बघायच्या आधी त्यांनी डब्यात किती ताक उरलं ते बघितलं.

पाचव्या खेपेला पुन्हा साधं, मऊ, मूळचंच रबर लागलं होतं. दीड वर्षं फिरून माणूस निघाला तिथेच आला, हे मनात घोळवत मी बसलो होतो. पोर्थकॉलला पहिल्यांदाच त्यांनी समुद्रासमोर गाडी उभी करून इंजिन बंद केलं.

"आज काही बोलला नाहीस," ते म्हणाले.

बोललो तर होतो. वाटभर माझ्या नव्या बॉसला शिव्या घालत होतो. कंबरेची आठवणच झाली नव्हती. पण ते कबूल करायला जिभेवर येईना, म्हणून मी उलटा त्यांच्यावर घसरलो. म्हटलं, मऊच हवे होते तर एखादी मोठी आरामशीर गाडी घ्यायची होती, ताईंना तरी चार ठिकाणी जाता आलं असतं.

साडूंनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मोठ्या तीन गाड्यांत बसवून पाहिलं तिला. उंच सीटवर मणका दबतो. पाय लांब करून टेकता येतं ते फक्त या सीटवर. तेवढा धक्का काढायचा होता."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दयेपोटी बरं आहे म्हणाला असतास. तुझ्याइतका कुरकुर करणारा माणूस मला सबंध वेल्समध्ये मिळाला नाही. तू गप्प बसलास म्हणजे ती बसू शकेल."

आयुष्यात माझ्या स्वभावाचा कुणाला असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी ताई शाल गुंडाळून त्या सीटवर टेकल्या. साडूंनी पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला आणि गाडी ताशी वीस मैलांनी निघाली. तासाभराने ताईंचा माझ्या बायकोला फोन आला. वाऱ्यात धड ऐकू येत नव्हतं. एवढंच कळलं, की त्या आइस्क्रीम खाताहेत आणि समुद्र जागेवर आहे.

आता दर रविवारी ते दोघं जातात. गाडीत सीटा दोनच, त्यामुळे मला फोन येत नाही. मी सकाळी आरामात उठतो, चहा घेतो, पेपर उघडून बसतो. कंबर अगदी ठणठणीत आहे. पण ती काय म्हणते, हे आता कुणी विचारत नाही.