पट्टे पुसलेला फोटो

आमच्या नागपूरच्या सीटी स्कॅन सेंटरमध्ये नवीन मशीन आलं तेव्हा पेढे मीच वाटले होते. जुन्या मशीनवर टेक्निशियन म्हणून पंधरा वर्षं घासलेला माणूस मी, मला त्याचं कौतुक मालकांपेक्षा जास्त. पेशंटच्या अंगात धातू असला, खुब्यात सळी किंवा दातांवर कॅप, की स्कॅनच्या फोटोत त्या धातूपासून काळेपांढरे पट्टे फुटतात आणि शेजारचं काही दिसेनासं होतं. नव्या मशीनचं सॉफ्टवेअर ते पट्टे पुसून टाकायचं. बटण दाबलं की धुऊन काढल्यासारखा फोटो.

शिकवायला आलेल्या इंजिनिअरनं एक गोष्ट बजावली होती. सॉफ्टवेअर पट्ट्याखालचं सगळं शोधून काढत नाही, बरंचसं आजूबाजूचं बघून अंदाजानं भरतं. म्हणून पुसलेला आणि न पुसलेला असे दोन्ही फोटो रिपोर्ट लिहिणाऱ्यापुढे गेले पाहिजेत. महिनाभर मी दोन्ही पाठवले. आमचे मालक स्वतःच डॉक्टर, मनीषनगरला घरी बसून रिपोर्ट लिहायचे. एक दिवस त्यांचा फोन आला की ते झेब्रे मला पाठवू नका, वेळ जातो, आणि बाहेरचे सर्जन पट्टे बघून आपल्या मशीनला नावं ठेवतात. झेब्रे बंद झाले. पुढे पुढे मलाही तो साफ फोटोच खरा वाटायला लागला, आणि हे मात्र मी मालकांवर ढकलणार नाही.

मग माझा थोरला भाऊ आला. दादा काटोलला संत्र्याचा व्यापारी. बाजारात बोली लावता लावता दिवसभर गालात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला तो आमच्याकडचा शाप. उजव्या खालच्या हिरडीला जखम झाली, भरेना, तुकडा तपासला तर कॅन्सर. सर्जनला माझ्या स्कॅनमधून एवढंच हवं होतं: रोग जबड्याच्या हाडात शिरलाय का. नसेल तर जखम आणि हाडाची वरची कड काढायची, जबडा वाचला. असेल तर अर्धा जबडा काढायचा.

आणि त्या जखमेला खेटूनच तीन नव्याकोऱ्या कॅप. मुलीच्या लग्नासाठी मुद्दाम बसवलेल्या. मी म्हटलं, त्या काढून ये, मगच स्कॅन करू.

"आठ दिवसांवर पोरीचं लगन, अन् मी बिनदाताचा उभा राहू काय गा?" दादा म्हणाला.

दुसऱ्या कुणाचा पेशंट असता तर मी परत पाठवला असता. भावापुढे मऊ पडलो. असे पट्टे चुकवायला आम्ही पेशंटला मोठा आ करायला लावून पुन्हा स्कॅन घेतो, पण खर्ऱ्यानं त्याचं तोंड असं आवळलं होतं की माझी दोन बोटंही आत जाईनात.

स्कॅन झाला. पट्ट्यांच्या फोटोत दोन काळ्या पट्ट्यांमध्ये जबड्याची आतली कड कुरतडल्यासारखी दिसली, नखाएवढी. बटण दाबलं. कड सरळ, गुळगुळीत. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. काचेपलीकडे वहिनी मांडीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसली होती. इथून निघून नागपूरच्या नातेवाइकांकडे आमंत्रणं द्यायची होती. पट्ट्यांमुळे अशी खोटी कुरतड दिसते, शंभरदा पाहिलंय, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे. म्हणून तर ते इतकं सहज पटलं. मी साफ फोटो तेवढा पाठवला. रिपोर्ट आला, हाड शाबूत.

लग्नात दादा सगळ्या कॅप दाखवत हसला. ते फोटोही छान आलेत.

लग्नानंतर सर्जननं जखम काढली, जबडा ठेवला. सात महिन्यांत रोग हाडातून वर आला आणि अर्धा जबडा गेला. सर्जन म्हणाले, काही केसेसमध्ये असं होतं. मालक म्हणाले, आपला रिपोर्ट फोटोप्रमाणेच होता. प्रत्येकाचं उत्तर तयार. मला दोघांचाही संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची किळस. त्या दिवशी मी जुना स्कॅन उघडला. नखाएवढी कुरतड जिथल्या तिथे होती. आता मी प्रत्येकाचे दोन्ही फोटो पाठवतो, मालक कितीही ओरडोत. दादाला त्याचा काय उपयोग?

मागच्या रविवारी काटोलला गेलो. वहिनी त्याला नळीतून पेज देत होती. चुलतभाऊ बसला होता, तो तोंडावरच म्हणाला की घरचा माणूस मशीनवर असून काय फायदा झाला. दादानं हातानंच त्याला गप्प केलं आणि मला जवळ बोलावलं. त्याचे शब्द आता ओठांतच सांडतात, कान लावून ऐकावं लागतं.

"तुह्या फोटोत तं काहीच नव्हतं ना गा?"

वहिनीचा हात थांबला होता.

"नाही दादा," मी म्हणालो. "काहीच नव्हतं."

दादानं चुलतभावाकडे बघितलं, ऐकलं ना, अशा नजरेनं, आणि माझा हात थोपटत राहिला.