नानांनी न घेतलेलं पाणी

मयताच्या घरी विम्याचा चेक हातात ठेवल्याशिवाय नाना त्या घरचं पाणी घेत नसत. आंबेनळी घाटाच्या अंगाला सगळ्या वाड्या डोंगरावर. चढून घशाला कोरड पडली तरी तांब्याकडे बघायचे नाहीत. "सही घ्यायला चढलो व्हतो ना? मग पैसं द्यायला नको चढायला? पानी त्याच्या मागनं." हे ठरलेलं उत्तर.

नाना महाडला आमच्या शेजारी राहायचे. गुडघे गेले, विम्याची एजंटगिरी सुटली, तरी वाड्यांवर कुणी विमा घ्यायचा म्हटलं की आधी नानांना विचारी. मी दिल्लीत सरकारी अधिकारी. परदेशी बँकांना, विमा कंपन्यांना आपला बाजार किती खुला करायचा, याच्या वाटाघाटींना मी निघालो, तेव्हा नाना वीर स्टेशनवर सोडायला आले. "तिकडं लय मोठं बोलू नको रे. एकच ओळ टाक. इमा इकणाऱ्याचा माणूस तालुक्यात असला पायजे."

ओळ मी मसुद्यात घातली. शेवटच्या बैठकीत समोरचे ती काढा म्हणून अडून बसले. आम्हाला आमच्या इंजिनिअरांचे व्हिसा हवे होते, आणि मला घरी परतायची घाई. ती ओळ मीच खोडली.

गावी आलो तर नाना ओट्यावर वाटच बघत होते. "टाकलीस ना ओळ?" मी "हो" म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. नानांचा चेहरा असा उजळला की मागे फिरायची सोयच उरली नाही.

करार लागू झाला. नाना वाडीवाडीला सांगू लागले, "घ्या बिनधास्त, आपल्या पोरानं माणूस लिवून घेतलाय." त्यांच्या शब्दावर वरच्या वाडीतल्या सखूबाईच्या नवऱ्याने मोबाइलवर एका परदेशी कंपनीचा विमा घेतला. पुढे गुरांमागे गेलेला तो कड्यावरून पडला आणि गेला. कंपनीचं कुणी फिरकलं नाही. फोनवर एक बाई इंग्रजीत बोले, तेवढंच. शेवटी काठी टेकत नानाच चढले. तीनदा, रिकाम्या हातांनी.

मला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

नाना गेल्यावर मी सखूबाईकडे गेलो, सगळं खरं सांगून टाकायचं ठरवून. तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "नाना सांगायचं, तुमी ओळ टाकली व्हती, त्या गोऱ्यांनी खोडली. पोराला बोल लावू नको गो, म्हनायचं. तीनदा आलं बिचारं, पन पानी नाय घेतलं. तुमी तरी घ्या."

तिने तांब्या पुढे केला. चढून मला धाप लागली होती. मी एक शब्द न बोलता ते पाणी प्यायलो.