वाटेत व्यालेली भुरी

कोरेगावहून पहाटे निघालो तेव्हा आईने पिकअपच्या हौद्यात उसाच्या पाचटाचा जाड थर स्वतःच्या हाताने अंथरून दिला. वडील गेल्यापासून आई आणि मी मिळून अकरा म्हशी सांभाळतो. सगळ्या काळ्या. पूर्णा नदीच्या काठी पांढुरक्या तांबूस रंगाच्या म्हशी असतात, आटोपशीर अंगाच्या आणि उन्हाला न हटणाऱ्या, असं मी एका पशुमेळाव्यात ऐकलं होतं. तेव्हापासून तशी एक तरी आपल्या गोठ्यात असावी हे डोक्यातून जाईना. मामेभाऊ विकास गाडी चालवायला तयार झाला आणि आम्ही निघालो.

जालना मागे पडलं, देऊळगाव राजा आलं, चिखली गेली. खामगावच्या अलीकडे रस्ता पठारावरून खाली उतरला आणि समोर सपाट काळी जमीन पसरली. कपाशी फुटलेली, मधूनमधून तुरीचा पिवळा फुलोरा. आमच्याकडे नजर कुठेतरी डोंगराला अडते. इथे ती अडतच नव्हती.

पूर्णेकाठच्या गावात, ज्यांच्याकडे तशी म्हैस विकायला होती त्या तुळशीराम काकांच्या दारात पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आल्या आल्या चहा मिळाला. चव जराशी खारट लागली. हा खारपाण पट्टा (जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग), आम्हाला पाहुण्यांसाठी लांबून पाणी आणावं लागतं, असं काकूंनी संकोचाने सांगितलं. आज आणलेलं संपलं होतं म्हणून त्यांनाच वाईट वाटत होतं. जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि वांग्याचं भरीत होतं. विकासने चार भाकरी खाल्ल्या.

सकाळी काकांनी विकायची म्हैस, भुरी, दाखवली. दुधात चहा थोडा कमी पडावा तसा रंग, पापण्यासुद्धा फिक्या. मी हात पुढे केला तर तिने तो हुंगून चाटला. मला दुसरी बघायचीच नव्हती. पण ती गाभण होती आणि दिवस भरत आले होते.

काका म्हणाले, "आठ दिवस थांब पोरी. इथंच जनू दे (व्यायला दे) तिले. मंग ने."

मी हट्ट धरला. घरी आई एकटी होती, विकासला परतायचं होतं. अजून बरेच दिवस आहेत, मी म्हशी ओळखते, असंही म्हणून गेले. काकांनी वाद घातला नाही. फक्त गाडी हळू चालवा म्हणाले आणि भुरीच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत राहिले.

चढ चढून पठारावर येईपर्यंत सगळं ठीक होतं. चिखली ओलांडल्यावर भुरी उठबस करू लागली. देऊळगाव राजा जवळ आलं तेव्हा तिने शेपटी उचलून धरली आणि ती आता विणार हे ओळखून मी विकासला गाडी थांबवायला सांगितलं. रस्त्याकडेला एका शेतात नवरा-बायको तूर बघत उभे होते. विकासने गाडी थेट त्यांच्या बांधाला मागून लावली.

त्यातल्या बाई म्हणजे सुमनमावशी. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज ठाम. काही न विचारता त्यांनी नवऱ्याला कडबा पसरायला लावलं, भुरीला बांधावरून खाली घेतलं आणि लिंबाखाली उभं केलं. पारडाचं (रेडकाचं) नाक आणि एकच खूर दिसत होता. दुसरा पाय आत मुडपला होता. पशुवैद्यकांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात होते, दोन तास लागतील म्हणाले. भुरी तेवढा वेळ काढेल असं दिसत नव्हतं.

मावशींनी साबण आणि तेलाची वाटी आणली. स्वतःचा हात बघितला, मग माझा. "तुहा हात बारीक आहे. तूच घाल. मी सांगते तसं कर."

मी हे कधी केलं नव्हतं. आमच्याकडे नेहमी डॉक्टर यायचे. कळ आली की थांबायचं, कळ ओसरली की पारडाला हळूच मागे लोटायचं, आणि खूर मुठीत झाकून वर आणायचा, म्हणजे आत लागत नाही. मावशी सांगत होत्या, मी करत होते. प्रत्येक कळेला हात असा आवळला जायचा की बोटं आहेत की नाहीत कळेना. दोनदा खूर निसटला. तिसऱ्यांदा आला. मग दोघींनी मिळून कळेबरोबर ओढलं आणि पारडी बाहेर पडली. मावशींनी तिचं नाक पुसलं, काडीने गुदगुल्या केल्या, आणि ती शिंकली. मी तिथेच मातीत बसले आणि रडले.

डॉक्टर आले, भुरीला इंजेक्शन दिलं, आठवडाभर हलवू नका म्हणाले. मावशींनी माझी पिशवी उचलून घरात नेली. विकास गाडी घेऊन गेला. मग मी तुळशीराम काकांना फोन करून सगळं खरं सांगितलं. ते "कुठं हायेस?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बस बदलत बदलत आले. हातात बाजरी, गूळ आणि मेथ्यांची पिशवी. भुरीभोवती एक फेरी मारली, पारडीची बेंबी तपासली. मी मान खाली घालून उभी होते. त्यांनी माझा काळानिळा पडलेला हात बघितला.

"मी तुले रागावाले नाही आलो," ते म्हणाले. "म्हशीपाशी कोणी तरी पाह्यजे ना. मी बसतो. तू झोप आता."

ते तीन दिवस राहिले. मावशींनी खरवस करून आजूबाजूच्या शेतांवर वाटला. एका सकाळी मला देऊळगावात बालाजीच्या दर्शनाला नेलं. देवापुढे उभी राहिले तर मागायचं काही सुचेना. भुरी उभी होती, पारडी पीत होती.

सातव्या दिवशी विकास आला. मी मावशींच्या पाया पडले. काही देऊ केलं असतं तर त्या रागावल्या असत्या, म्हणून दिलं नाही. रस्ताभर आम्ही दर तासाला थांबलो.

घरी आईने आधी माझा हात बघितला, मग भुरीला. झालेलं सगळं ऐकलं आणि फोन लावून दे म्हणाली. सुमनमावशींशी ती पहिल्यांदाच बोलत होती. आधी तिने स्वतःचं नाव-गाव सांगितलं. मग म्हणाली, "बाई, तुमच्यामुळे माझी पोरगी वाटेत एकटी पडली नाही."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण त्यानंतर अर्धा तास दोघी म्हशींविषयीच बोलत होत्या, आणि मी धार काढायला बसले.